साक्षीदाराची सही

लिफाफा स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन दिवस पडून होता. मत कुणाला द्यायचं ते ठरलं होतं. अडलं होतं ते लिफाफ्यावरच्या एका रेघेपाशी. तिथे साक्षीदाराची सही आणि पत्ता हवा होता. साक्षीदार सज्ञान हवा आणि अमेरिकेचा नागरिक हवा. घरात आम्ही तिघं. मी सहा महिन्यांपूर्वी नागरिक झालेली. नवरा ग्रीन कार्डवर, पासपोर्ट अजून भारताचा. मुलगी जन्मानं इथली नागरिक, पण वय नऊ. ज्या माणसाबरोबर पंधरा वर्षं संसार केला, त्याला माझ्या मताचा साक्षीदार होता येत नव्हतं, आणि बाहेरच्या कुणाला घरात घ्यावं असे ते दिवस नव्हते.

मिलवॉकी, विस्कॉन्सिन. मार्च २०२० संपत आला होता. २५ मार्चला इथे घरीच थांबण्याचा आदेश लागू झाला, भारतातली टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. रस्ते ओस, मिशिगन सरोवरावरून येणारा वारा अजून बोचरा, आणि ७ एप्रिलला निवडणूक. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली एक जागा, शहराचा महापौर, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची प्राथमिक फेरी, सगळं एकाच दिवशी. ओहायोनं १७ मार्चचं मतदान आदल्या रात्री थांबवलं होतं. इतरही अनेक राज्यांनी तारखा पुढे नेल्या. विस्कॉन्सिनमध्ये मात्र त्याच मतदानातून शेकडो स्थानिक पदं भरायची होती, त्यांच्या मुदती एप्रिलमध्येच संपत होत्या, म्हणून तारीख तशीच राहिली.

माझ्यासाठी हे मत सोळा वर्षांनी येत होतं. शेवटचं दिलं होतं ते २००४ च्या विधानसभेला, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, आमच्या गावच्या झेडपीच्या शाळेत. पुढच्या वर्षी इकडे आले. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला काही वर्षांनी मतदार यादीत नाव घालता यायला लागलं, पण मत द्यायचं तर त्या दिवशी स्वतः गावच्या केंद्रावर उभं राहावं लागतं. ते कधी जमलं नाही. २०१९ मध्ये मी इथली शपथ घेतली. त्या रात्री फोनवर आप्पांनी, माझ्या वडिलांनी, नागरिकत्वाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे मत आता तिकडं देणार का गं तू?"

तर या साक्षीदाराची अडचण मी आप्पांनाच सांगितली. इथली रात्र, तिकडची सकाळ. पेपर घरी येणं बंद झाल्यामुळे ते बेचैन होते. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "हे तर आपल्या तेरा-अ सारखंच आहे की."

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. साठच्या दशकापासून निवृत्त होईपर्यंत एकही निवडणूक त्यांना ड्यूटीशिवाय गेली नाही. बहुतेक वेळा केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी तहसील कचेरीतून साहित्य ताब्यात घ्यायचं: मतपेट्या, मतपत्रिका, याद्या, लाख, सुतळी, शिक्के, शाईची बाटली. मग मिळेल त्या वाहनानं कुठल्या तरी वाडीवरच्या शाळेत मुक्काम. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या माणसाला आपल्या गावात मत देता येत नाही, म्हणून त्याला टपाली मतपत्रिका मिळते. नमुना १२ भरून ती मागायची. खूण केलेली मतपत्रिका आतल्या लहान लिफाफ्यात घालायची. तो लिफाफा आणि नमुना १३-अ चं प्रतिज्ञापत्र बाहेरच्या मोठ्या लिफाफ्यात. आणि त्या १३-अ वर साक्षांकन हवं, एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा ज्या केंद्रावर ड्यूटी आहे तिथल्या केंद्राध्यक्षाचं. हा सगळा ऐवज मतमोजणी सुरू व्हायच्या आत पोचला पाहिजे. नाही पोचला तर ते मत मोजलंच जात नाही.

रात्री कंदील लावून आप्पा सोबतच्या मतदान अधिकाऱ्यांच्या १३-अ वर सह्या करत. स्वतःच्या कागदावर मात्र स्वतःचीच साक्ष कशी चालणार? त्यासाठी त्यांना कुणीतरी राजपत्रित अधिकारी गाठावा लागे. कधी तो भेटे, कधी नसे. दोनदा तर मतपत्रिकाच मतमोजणी होऊन गेल्यावर घरी आली. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लहानपणी आम्हाला दिसायचे ते बोटाला शाई नसलेले आप्पा. सगळ्या गावाच्या बोटाला शाई, आणि जो माणूस दिवसभर लोकांच्या बोटाला शाई लावून आला त्याचं बोट कोरडं. आम्ही त्याची गंमत करायचो. ते त्यावर कधी बोलले नव्हते.

"साक्षीदार शोध," ते म्हणाले, "आणि लवकर शोध. टपालाचं मत पोचेपर्यंत आपलं नसतं."

आमच्या शेजारी एक आजी राहतात. कृष्णवर्णीय, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या, रुग्णालयातली नोकरी करून निवृत्त झालेल्या. गेली वीसेक वर्षं प्रत्येक निवडणुकीत आमच्या भागातल्या मतदान केंद्रावर यादी घेऊन बसणाऱ्या बाई त्याच. इथे हे काम सरकारी नोकरांवर येत नाही, लोक नाव नोंदवून करतात, आणि त्यातले बरेचसे निवृत्त, वयस्क असतात. त्या वर्षी आजींच्या मुलानं त्यांना बसू दिलं नाही. शहरभर, राज्यभर असंच झालं होतं. केंद्रं होती, पण टेबलामागे बसायला माणूस नव्हता.

मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या दुपारी खिडकीशी ये.

राज्याच्या निवडणूक आयोगानं तशी सोय सांगितली होती. साक्षीदारानं काचेपलीकडून किंवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं तरी चालेल. त्या आमच्या ओसरीवर आल्या, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, गळ्यात लोकरी मफलर. मी आतून काचेला लावून कोरी मतपत्रिका दोन्ही बाजूंनी दाखवली. मग पाठ फिरवून टेबलावर वाकले, मत नोंदवलं, घडी घातली, त्यांच्यासमोर लिफाफ्यात घातली आणि चिकटवला. दार उघडून लिफाफा पायरीवर ठेवला आणि आत सरकले. त्यांनी तो उचलला, स्वतःचं पेन काढलं, सही केली, खाली पत्ता लिहिला. लिहून झाल्यावर तिथेच उभं राहून पुन्हा एकदा अक्षर न् अक्षर वाचलं. साक्षीदाराचा पत्ता राहिला म्हणून मत बाद होतं, हे त्यांना वीस वर्षांच्या कामातून माहीत होतं. काचेपलीकडून त्यांनी विचारलं, "इथलं पहिलंच ना?" मी मान हलवली.

तो लिफाफा मी त्याच संध्याकाळी टाकला. पुढच्या आठवड्यात या राज्यात जे काही झालं, ते आठवलं की त्या संध्याकाळी पत्रपेटीपर्यंत चालत गेल्याचं आजही बरं वाटतं.

२ एप्रिलला मॅडिसनच्या केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम कॉन्ली यांनी टपाली मतं १३ एप्रिलपर्यंत पोचली तरी मोजावीत असा निर्णय दिला. एकट्या राहणाऱ्याला साक्षीदार मिळतच नसेल तर त्यानं तसं लिहून द्यावं, अशीही सवलत त्यात होती. दुसऱ्याच दिवशी वरच्या न्यायालयानं ती सवलत रोखली. म्हणजे एकट्या माणसानं साक्षीदार शोधायचाच, साथ असो नसो. त्याच दिवशी गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी सगळी निवडणूक टपालानं घेण्यासाठी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. शनिवारी ते भरलं आणि काहीही न ठरवता काही क्षणांत तहकूब झालं. सोमवारी, मतदानाच्या आदल्या दिवशी, गव्हर्नरांनी प्रत्यक्ष मतदान ९ जूनपर्यंत पुढे ढकलल्याचा हुकूम काढला. संध्याकाळी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध दोन मतांनी तो रद्दबातल ठरवला. त्याच संध्याकाळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की मतं १३ तारखेपर्यंत पोचली तर चालेल, पण त्यांच्यावर टपालाचा शिक्का ७ तारखेचा किंवा त्याआधीचा हवा.

हे मी इतक्या बारकाईनं लिहितेय, कारण त्या दिवशी आजींबरोबर फोनवर मी हे तासातासानं ऐकत होते. सकाळी उद्या मतदान होतं. दुपारी नव्हतं. जेवण होऊन भांडी आवरेपर्यंत पुन्हा होतं. ज्यांना ते दुसऱ्या दिवशी घडवायचं होतं, ती टेबलामागची माणसंसुद्धा आमच्यासारखीच बातम्या लावून बसली होती.

आणि आजींची मतपत्रिका आली नव्हती.

त्यांनी आयुष्यात टपालानं मत दिलेलं नव्हतं. त्या स्वतःच केंद्रावर बसायच्या, त्यांना कशाला लागणार? घरून मत द्यायचं ठरवायला त्यांना उशीर झाला. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी केला. या वेळी राज्यात सुमारे तेरा लाख लोकांनी टपाली मतपत्रिका मागितल्या होत्या. एरवी एप्रिलच्या निवडणुकीत टपालानं मत देणारे शंभरात मोजके असतात. तेवढे लिफाफे भरायला, पत्ते चिकटवायला माणसं कुठून आणायची? मंगळवारी सकाळी त्यांनी ठरवलं की टपाल येईपर्यंत वाट पाहायची. खिडकीत बसल्या. एकच्या सुमाराला पोस्टमन आला. एक बिल, एक जाहिरातीचा कागद.

"मी जाते," त्या म्हणाल्या.

मिलवॉकीत एरवी १८० मतदान केंद्रं असतात. त्या दिवशी पाच होती. सहा लाख वस्तीच्या शहरात पाच. ग्रीन बे शहरात ३१ ची दोन झाली होती. मॅडिसननं मात्र ९२ पैकी ६६ केंद्रं चालू ठेवली. राज्यभर नॅशनल गार्ड या राखीव दलाचे जवान साध्या कपड्यांत टेबलांमागे बसवले होते. आमच्या भागासाठी होतं वॉशिंग्टन हायस्कूल. मी आजींना गाडीत मागे बसवलं, चारही काचा खाली. आईच्या जुन्या सुती साडीचे मी मास्क शिवले होते, त्यातला एक त्यांच्या तोंडावर. मांडीवर घडीची खुर्ची.

रांग शाळेला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली होती. माणसामाणसांत सहा फुटांचं अंतर, त्यामुळे ती आणखीच लांब दिसत होती. कुणी भाजीवाल्यासारखे प्लॅस्टिकचे हातमोजे घातलेले, कुणी रुमाल बांधलेला, एकजण कचऱ्याची काळी पिशवी अंगावर चढवून आलेला. याच शाळेबाहेर रांगेत उभ्या एका बाईच्या हातात पुठ्ठा होता, हे सगळं हास्यास्पद आहे असं त्यावर लिहिलेलं. तो फोटो नंतर देशभर छापून आला. ज्या भागात ही रांग होती, तिथे जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची. मिलवॉकी कौंटीत त्यांची संख्या साधारण २६ टक्के, पण एप्रिलच्या पहिल्या दिवसांतल्या कोविड मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर होता. रांगेतल्या प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी आजारी होतं. तरी लोक उभे होते. बोलत नव्हते फारसे. पुढे सरकत होते.

दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा पडल्या. मी गाडीत होते. वायपर चालू करून समोर बघत होते, आजी खुर्ची डोक्यावर धरून उभ्या होत्या. रांग सोडून गाडीत या म्हणून मी हाताने खुणावलं, त्यांनी नकाराची मान हलवली. दोघींत फरक काय होता? मी एका तारखेला अर्ज भरला, त्यांनी दुसऱ्या. ज्यांच्या सहीमुळे माझं मत पक्कं झालं, त्या गारांमध्ये उभ्या होत्या आणि मी कोरडी बसले होते. त्या क्षणी वाटलेली शरम मी अजून विसरलेले नाही, आणि ती माझ्या एकटीची होती असंही मला वाटत नाही. आजारपणाच्या दिवसांत माणसाला मत आणि श्वास यातलं एक निवडायला लावणं हा अन्याय आहे. तो कुणी एकानं ठरवून केला की दहा जणांनी एकमेकांवर ढकलल्यानं झाला, यानं रांगेतल्या माणसाला काही फरक पडत नाही.

अडीच तासांनी त्या बाहेर आल्या. छातीवर मत दिल्याचं गोल स्टिकर. परतीच्या वाटेवर त्यांनी मला आत काय चुकलं आणि काय चांगलं केलं ते सांगितलं: जमिनीवर चिकटपट्ट्या बरोबर अंतरावर होत्या, पारदर्शक पडदे होते, पेनं परत गोळा करत नव्हते. मात्र यादी बघणारा मुलगा नवा होता, आडनावावरून शोधायला त्याला वेळ लागत होता. "मी बसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. 

पुढचे चौदा दिवस मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करत होते. ताप नाही ना, खोकला नाही ना. त्या बऱ्या राहिल्या. राज्याच्या आरोग्य खात्यानं नंतर शोध घेतला तेव्हा प्रत्यक्ष मतदान केलेले किंवा केंद्रावर काम केलेले ७१ जण पुढच्या दिवसांत बाधित निघाले. त्यातले किती तिथेच बाधित झाले आणि किती दुकानात, ते खात्यालाही सांगता आलं नाही.

१३ एप्रिलला निकाल लागला. न्यायालयाच्या जागेवर जिल करॉफ्स्की निवडून आल्या, पदावर असलेले डॅनियल केली हरले. राज्यात सुमारे साडेपंधरा लाख मतं पडली, त्यातली अकरा लाखांहून जास्त मतदानाच्या दिवसाआधी किंवा टपालानं दिलेली होती. पण टपालाच्या कहाण्या अजून कानावर येत होत्या. ऑशकॉश आणि ॲपल्टन भागातल्या मतपत्रिकांचे तीन टब टपालाच्या केंद्रात सापडले, लोकांपर्यंत गेलेच नव्हते. काही लिफाफे परत आले, त्यांच्यावर शिक्का होता पण तारीख वाचता येत नव्हती. काहींवर शिक्काच नव्हता. मतदारानं सगळं वेळेत केलं, आणि त्याचं मत मोजायचं की नाही ते एका पुसट शाईवर ठरायला लागलं. हे मी आप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचंही असंच पडायचं कुणाच्या टेबलावर."

महाराष्ट्रातही त्या एप्रिलमध्ये निवडणुकीचाच पेच होता. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले होते २८ नोव्हेंबर २०१९ ला, आणि ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांच्या आत निवडून येणं भाग होतं, आणि विधान परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक आयोगानं साथीमुळे पुढे ढकललेली. शेवटी मे महिन्यात ती झाली, सगळे बिनविरोध आले. "निवडणूक पुढं ढकलता येते, मुदत ढकलता येत नाही," आप्पा म्हणाले होते. विस्कॉन्सिनचंही दुखणं तेच होतं.

मला वाटलं होतं, एवढं सगळं ऐकल्यावर आप्पा म्हणतील की सगळ्यांनाच घरून मत देऊ द्यावं. इथे ऑरेगन, वॉशिंग्टन, कोलोराडो, युटा अशी राज्यं साथीच्या आधीपासून प्रत्येक मतदाराच्या घरी मतपत्रिका पाठवतात, ऑरेगनमध्ये तर दोन दशकं झाली, तिथे सगळं सुरळीत चालतं, हे मी त्यांना मोठ्या हौसेनं सांगितलं. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

आईनं फोन घेतला. ती अशी मुद्द्याचं बोलणारी बाई नाही, तिला बोलतं करावं लागतं. मी विचारलं, मतपत्रिका घरी आली असती तर तुला आवडलं असतं का? ती म्हणाली, "नको गं बाई. सासूबाई होत्या, भाऊजी होते, मोठे दीर होते. ओट्यावर बसून सगळ्यांच्या मतपत्रिका एकाच्याच हातानं भरल्या गेल्या असत्या. शाळेत त्या पुठ्ठ्याच्या मागं गेल्यावर मला कुणी बघत नव्हतं. तेवढंच."

तेवढंच. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिला एकटीला असं ठिकाण कुठे होतं? नदीवर चार बायका, न्हाणीत दारावर कुणी ना कुणी थाप मारणारं, रात्री खोलीत मुलं. पाच वर्षांतून एकदा, अर्ध्या मिनिटासाठी, आडोशामागे ती एकटी असायची. तिनं आजवर कुणाला मत दिलं ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. आप्पांनाही नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही. मिलवॉकीच्या रांगेनं मला जे शिकवलं होतं, त्याला या एका वाक्यानं दुसरी बाजू दिली. खिडकीशी मी पाठ फिरवून मत नोंदवलं तेव्हा मागे नवरा बसला होता, तो उठून आत गेला, न सांगता. हे ज्या घरात घडत नाही, त्या घरात टपालानं आलेली मतपत्रिका कुणाची असते?

यातून मला पूर्ण बाहेर पडता आलेलं नाही. साथीत, पुरात, अंथरुणावर पडलेल्या माणसासाठी मत घरी गेलंच पाहिजे यावर माझं मन ठाम आहे. पण आडोसा घरी कसा न्यायचा?

त्या वर्षी जूनमध्ये भारत सरकारनं नियम बदलून ६५ वर्षांवरच्या सगळ्यांना आणि कोविडच्या रुग्णांना टपाली मतदानाची मुभा दिली. जुलैमध्ये आयोगानं सांगितलं की बिहारमध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी तेवढी व्यवस्था शक्य नाही. ८० च्या वरचे, अपंग आणि कोविड रुग्ण यांच्यापुरती ती राहिली. बिहारनं दुसरा रस्ता धरला: एका केंद्रावर हजाराहून जास्त मतदार नकोत, म्हणून केंद्रं वाढवली, मतदानाची वेळ एक तासानं वाढवली, शेवटचा तास रुग्णांना दिला, प्रत्येक मतदाराला हातमोजा दिला. मिलवॉकीनं १८० ची पाच केली त्याच्या अगदी उलट. केंद्रं कमी केली की गर्दी वाढते, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. लागतात ती टेबलामागची माणसं, आणि ती भारतात ड्यूटी म्हणून येतात. ही ताकद आहे. आणि हाच धोकाही आहे.

कारण पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या, दुसरी लाट ऐन भरात असताना. ड्यूटीवर गेलेले शिक्षक आणि शाळेचे कर्मचारी मेले. शिक्षक संघटनेनं १,६२१ नावांची यादी दिली. सरकारनं आधी तीनच मृत्यू ड्यूटीमुळे झाले असं मानलं. आप्पांना ही बातमी कुणी सांगू नये असं आम्ही ठरवलं होतं, पण टीव्ही कोण थांबवणार? त्या दिवशी ते जेवले नाहीत. नकार देता येत नाही त्या कामाला, ते म्हणाले, हुकूम हातात पडला की निघायचं. मतदार रांगेत उभा राहायचं की नाही ते ठरवू शकतो. केंद्राध्यक्षाला तेही नसतं. आणि त्याचं स्वतःचं मत १३-अ मध्ये.

इथे नोव्हेंबरपर्यंत पुष्कळ सुधारलं. ऑगस्टच्या मतदानाला मिलवॉकीत दीडशेहून जास्त केंद्रं उघडली. राज्य आयोगानं लाखो मतदारांना अर्ज घरी पाठवले. लिफाफा कुठे पोचला ते कळावं म्हणून त्यावर बारकोड आले. रस्त्यावर मतपत्रिका टाकायच्या पेट्या बसल्या. अध्यक्षीय निवडणुकीत राज्यात सुमारे ३३ लाख मतांपैकी १९ लाखांहून जास्त आधीच देऊन झाली होती. सात महिन्यांपूर्वी जमणार नाही म्हटलेलं सगळं जमलं. पुढे २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या पेट्या बेकायदा ठरवल्या, २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं त्या पुन्हा कायदेशीर केल्या, दोन्ही वेळा चार विरुद्ध तीन. पहिल्या वेळी तिघांत आणि दुसऱ्या वेळी चौघांत करॉफ्स्की होत्या, गारांमध्ये उभ्या राहिलेल्या लोकांनी निवडून दिलेल्या. आजी नोव्हेंबरमध्ये पुन्हा टेबलामागे बसल्या, मुलाशी भांडून, दोन मास्क लावून.

२०२४ च्या लोकसभेला आप्पा शहाऐंशीचे झाले होते. घरून मतदानाची सोय आता ८५ वर्षांवरच्यांना होती. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई घरून मतदानाचा अर्ज, नमुना १२-ड, घेऊन आल्या तर आप्पांनी सही करायला नकार दिला. शाळा दोनशे पावलांवर, मी काठी घेऊन जाईन. दादानं मला फोन लावून दिला. मी काही समजावलं नाही. इतकंच विचारलं, आप्पा, नोकरी होती तोपर्यंत तुमची किती मतं पोचली? त्यांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "दे तो फॉर्म." 

मतदान सातारा मतदारसंघात ७ मे ला होतं. त्याच्या काही दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमाराला गाडी आली. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, चित्रीकरण करणारा एक मुलगा. मुख्य अधिकारी तिशीतला, तालुक्यातल्याच एका शाळेवरचा शिक्षक. त्यानं आप्पांना नमस्कार केला, ओळखपत्र पाहिलं, आणि सोबत आणलेला घडीचा पुठ्ठ्याचा आडोसा उघडून जेवणाच्या टेबलावर उभा केला. घरच्या सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. दादा आणि वहिनी अंगणात गेले. आई स्वयंपाकघरात गेली आणि मधलं दार तिनं स्वतः ओढून घेतलं. तिला अजून पंच्याऐंशी पूर्ण नव्हती, ती ७ तारखेला शाळेतच जाणार होती, आणि तिला तेच हवं होतं.

आप्पांनी वेळ घेतला. हात थरथरतो आता. पुढचं दादाला त्या शिक्षकानं अंगणात येऊन सांगितलं, आणि दादानं मला. मत नोंदवून झालं, मतपत्रिका लहान लिफाफ्यात गेली, लिफाफा चिकटवला. शिक्षकानं तो मोठ्या लिफाफ्यात घालायला हात पुढे केला तसा आप्पांनी तो मागे घेतला.

"आधी तेरा-अ काढा," ते म्हणाले. "साक्षांकन कोण करणार?"

"मीच करणार, गुरुजी."

"माझ्यासमोर करा."

त्यानं टेबलावर कागद ठेवून सही केली, खाली पदनाम लिहिलं. आप्पांनी चष्मा सारखा करून ती सही, ते पदनाम, वरचं आपलं नाव, यादीतला अनुक्रमांक, सगळं एकदा वाचलं. मग लिफाफा दिला.